मोबाइल कोणाच्या हाती?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात असलेल्या केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. भारतातील भ्रमणध्वनीवरचे हे पहिले संभाषण. त्या काळी एका मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या कॉलचे पैसेही घेणाऱ्याला मोजावे लागत. साहजिकच मोबाइल ही मूठभर उद्योजक, मंत्री आणि उच्चपदस्थांची मिरासदारी होती. मेजावर सर्वांना दिसेल असा ठेवलेला तो जाडजूड संच प्रतिष्ठेचे चिन्ह मानला जाई.

आज त्याच संचार भवनाबाहेरच्या अशोक रोडवर उभे राहिले, तर चहाच्या टपरीवर क्यूआर कोडचा फलक दिसतो आणि रिक्षाचालकाच्या हँडलजवळ अडकवलेल्या फोनवर पुढच्या प्रवाशाचा निरोप झळकतो. जी वस्तू मंत्र्यांच्या मेजावर होती ती सर्वांच्या खिशात आली. परंतु खिशात आलेल्या या वस्तूशी कसे वागावे, याविषयी मात्र आपले एकमत झालेले नाही. एकाला फोन न उचलणे हा अपमान वाटतो, तर दुसऱ्याला न विचारता फोन करणे हाच अगोचरपणा वाटतो. कोणी रात्री झोपताना तो उशाशी ठेवतो, कोणी संध्याकाळी सात वाजताच बंद करून कपाटात टाकतो.

‘मोबाइल : शाप की वरदान’ हा विषय शालेय वक्तृत्व स्पर्धांमध्ये इतक्यांदा चघळला गेला आहे की त्यात आता नवीन काही उरलेले नाही. ही चर्चा नेहमी ‘किती वापरावा’ या प्रश्नाभोवती फिरते. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला मात्र दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागतो. तो म्हणजे, हा मोबाइल नक्की कोणाच्या हाती आहे? त्याचा मालक तो वापरतो आहे, की दुसराच कोणी त्या फोनमार्फत मालकाला वापरतो आहे?

मिस्ड कॉलचा जमाना

मोबाइलकडे पाहण्याची आपली दृष्टी प्रथम घडवली ती दरपत्रकाने. येणाऱ्या कॉललाही पैसे पडत असल्याने फोन वाजला की आधी नंबर पाहायचा, मग तो उचलण्याइतका महत्त्वाचा आहे की नाही हे ठरवायचे, अशी सवय लागली. १ मे २००३ पासून ‘जो करील तो भरील’ हे तत्त्व लागू झाले आणि येणारे कॉल मोफत झाले. त्यानंतर प्रसाराचा वेग असा वाढला की २००४ मध्ये देशातील मोबाइलधारकांच्या संख्येने तारेच्या दूरध्वनींना मागे टाकले. ज्या फोनसाठी लोकांनी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून ठेवले होते, तो दहा वर्षांच्या आत मागे पडला.

या काळात आपण भारतीयांनी एक अस्सल देशी शोध लावला. तो म्हणजे मिस्ड कॉल. न उचललेल्या कॉलला पैसे पडत नाहीत, एवढ्या एका नियमावर कोट्यवधी कुटुंबांनी स्वतःची सांकेतिक भाषा उभी केली. एक घंटी म्हणजे ‘सुखरूप पोहोचलो’, दोन घंट्या म्हणजे ‘तू फोन कर’. पाश्चात्त्य कंपन्यांच्या हिशेबात न बसणारा हा काटकसरीचा मार्ग पुढे बँकांनीही आपलासा केला. नोंदणीकृत क्रमांकावरून मिस्ड कॉल द्यावा आणि खात्यातील शिल्लक संदेशाने मिळवावी, ही सोय आज अनेक बँका देतात. ग्राहकाच्या गरजेतून निघालेली युक्ती ही बँकेची सेवा झाली, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

दर घसरले, तशी काटकसरीची जागा मुबलकतेने घेतली. परंतु मिस्ड कॉलच्या काळातील एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वेळी फोन केव्हा घ्यायचा आणि केव्हा नाही, याचा निर्णय माणूस स्वतः करीत असे. पैसे वाचवण्यासाठी का होईना, पण ताबा त्याच्याकडे होता.

करोलबागेची भट्टी आणि गावाकडचा फोन

दिल्लीतील मराठी माणसांविषयी बोलताना आपल्या डोळ्यांपुढे सरकारी नोकरदार, महाराष्ट्र सदन आणि पहाडगंज परिसरातील जुनी मराठी कुटुंबे येतात. परंतु करोलबागेत आणि चांदनी चौकातील कूचा महाजनीत दुसराही एक मराठी समाज राबतो. तो म्हणजे सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातून आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातून आलेले गलाई व्यावसायिक. जुने दागिने आणि सराफांकडील सोन्याचा कचरा वितळवून शुद्ध सोने-चांदी वेगळी काढणे हा त्यांचा धंदा. देशभरातल्या सराफ बाजारांत ही मंडळी पसरलेली आहेत.

घरापासून हजार मैलांहून अधिक दूर राहणाऱ्या अशा माणसांना फोनचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एसटीडी बूथच्या काळात रात्री अकरानंतर पाव दर लागत असे, म्हणून त्या वेळेस बूथबाहेर रांगा लागत. गावात एखाद्याच घरी फोन असल्याने निरोप शेजाऱ्यामार्फत जाई. आता आईला नातवंड व्हिडिओवर दिसते, शेतातील विहिरीच्या पाण्याची पातळी पाहता येते आणि मुलाच्या शाळेची फी इथूनच भरता येते. या माणसाला मोबाइल शाप आहे असे सांगणे हे त्याच्या विरहाची थट्टा करण्यासारखे आहे.

पण हाच माणूस भट्टीत मूस लालभडक झालेली असताना फोन घेऊ शकत नाही. त्या क्षणी क्षणभराचे दुर्लक्षही हाताला किंवा मालाला भोवते. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच दिवसात फोन कधी जिवाभावाचा असतो, तर कधी धोक्याचा. वापर चांगला की वाईट, हे यंत्रावर अवलंबून नसते, हे यावरून सहज ध्यानात यावे.

पैशांच्या व्यवहारातील बदल तर डोळे दिपवणारा आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने विकसित केलेली यूपीआय प्रणाली एप्रिल २०१६ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी ३० डिसेंबरला दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ‘भीम’ ॲपचे उद्घाटन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते हेच स्टेडियम. ऑगस्ट २०१६ मध्ये यूपीआयवर महिनाभरात एक लाखही व्यवहार झाले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांनी दोन हजार कोटींचा आकडा ओलांडला. २०२३ पासून दिल्ली मेट्रोचे तिकीटही फोनवरील क्यूआर कोडने मिळू लागले. जगातील सर्वांत मोठ्या मोबाइल कारखान्यांत गणला जाणारा कारखाना २०१८ मध्ये शेजारच्या नोएडात सुरू झाला. फोन बनणारे, दुरुस्त होणारे आणि अहोरात्र वापरले जाणारे असे हे महानगर आहे.

वाजला की घ्यायचाच?

द्वारकेहून नोएडाकडे जाणाऱ्या मेट्रोच्या डब्यात सकाळी उभे राहिले की मोबाइलविषयीचे सर्व दृष्टिकोन एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात. एक ज्येष्ठ गृहस्थ साऱ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात गावच्या जमिनीचा व्यवहार ठरवीत असतात. शेजारची तरुणी कानात यंत्र घालून मुकाट्याने टंकलेखन करीत असते. फोन वाजला तरी तो ती कापते आणि ‘नंतर बोलते’ असा संदेश पाठवते. दोघेही एकमेकांकडे किंचित नापसंतीने पाहतात.

यातला कोणीही असभ्य नाही. दोघांचे शिष्टाचार दोन वेगवेगळ्या काळांत घडले आहेत. ज्या पिढीने ट्रंक कॉलची वाट पाहिली, तिच्या लेखी वाजणारा दूरध्वनी म्हणजे काहीतरी महत्त्वाचेच. एवढा खर्च करून कोणी उगाच का फोन करील? म्हणून तो धावत जाऊन घ्यायचा आणि मोठ्याने बोलायचे, कारण तार लांबची. ज्या पिढीला दिवसातून पन्नास वेळा फोन वाजलेला माहीत आहे, तिच्या लेखी घंटा ही केवळ विनंती आहे. ती मान्य करावी किंवा करू नये.

घरोघरी यावरून लहानमोठे रुसवे होतात. ‘मुलगा माझा फोन उचलत नाही’ ही आजच्या आईवडिलांची तक्रार आहे, तर ‘बाबा मिटिंगमध्ये असतानाच फोन करतात’ ही मुलांची. यावर तोडगा सोपा आहे. रोजची एक ठरावीक वेळ दोघांनी मिळून ठरवावी आणि ती दोघांनी पाळावी. परंतु ‘वाजला की घ्यायचाच’ या सवयीचा आणखी एक गंभीर परिणाम आहे. त्याचा विचार पुढे करू.

काम संपते केव्हा?

कार्यालयात हाच मतभेद अधिकाराचे रूप घेतो. वरिष्ठाने रात्री साडेनऊला गटावर टाकलेला संदेश हा निरोप असतो की आदेश? टाकणाऱ्याला वाटते, आठवले म्हणून लिहिले, सकाळी पाहतील. वाचणाऱ्याला वाटते, निळ्या खुणा उमटल्या, आता उत्तर दिले नाही तर गैरसमज होईल. आपल्या बँकिंग क्षेत्रातील बंधुभगिनींना याचे अधिक वर्णन नको.

हा प्रश्न संसदेतही पोहोचला आहे. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असावा, अशा आशयाचे विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. हे खासगी सदस्याचे विधेयक आहे आणि १९७० नंतर अशा एकाही विधेयकाचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. तरीही त्यामुळे विषयाला वाचा फुटली. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, तर ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून अशा स्वरूपाच्या तरतुदी अमलात आल्या.

कार्यालयीन कर्मचारी निदान अशी मागणी तरी करू शकतो. गुरुग्राम-नोएडाच्या रस्त्यांवर दुचाकीवरून खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणाला तीही सोय नाही. त्याचा फोन हाच त्याचा हजेरीपट, तोच मुकादम आणि तोच पगारपत्रक. तो बंद म्हणजे कमाई बंद. सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्यातील सुधारणेनुसार वाहन चालवताना हातात फोन वापरणे हे धोकादायक चालवण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कारावास होऊ शकतो. केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही लक्ष विचलित न होता, फोन वापरण्यास २०२० च्या नियमांनी मुभा दिली. एका बाजूला कायदा सांगतो की फोन पाहू नकोस, दुसऱ्या बाजूला ॲप सांगते की लगेच पाहा. या तरुणाच्या बाबतीत ‘मोबाइलचे व्यसन’ हा शब्द वापरण्यापूर्वी आपण थोडे थांबावे.

बंदी कोणावर?

मोबाइलचा अतिरेक झाला की पहिला उपाय सुचतो तो बंदीचा. या बाबतीत तीन उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले उदाहरण दिल्लीजवळचेच. जुलै २०१२ मध्ये उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्याच्या असारा गावातील पंचायतीने मुलींनी घराबाहेर मोबाइल वापरू नये आणि चाळिशीच्या आतील स्त्रियांनी एकटीने बाजारात जाऊ नये, असे फर्मान काढले. त्यावर देशभर टीका झाली. हे फर्मान काढणाऱ्या पुरुषांच्या खिशातील फोन मात्र चालूच राहिले.

दुसरे उदाहरण सांगली जिल्ह्यातील, वर उल्लेखिलेल्या गलाई पट्ट्यातलेच आहे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात कोरोनाकाळातील ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातचा फोन सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामस्थांनी ठरवले की रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजेल, त्याबरोबर घराघरांतील मोबाइल आणि टीव्ही बंद होतील आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत बंदच राहतील. आरंभी शिक्षक, आशा सेविका आणि ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर जाऊन आठवण करून देत. मुले अभ्यासाला बसली, मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली. इथे मर्म असे की मुलाचा फोन बंद झाला तेव्हा बापाची क्रिकेटची मॅच आणि आईची मालिकाही बंद झाली.

तिसरे उदाहरण दिल्ली उच्च न्यायालयाचे. एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात २८ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यायालयाने म्हटले की शाळेत स्मार्टफोन आणण्यावर सरसकट बंदी हा इष्ट आणि व्यवहार्य मार्ग नाही. वर्गात वापर नको, चित्रीकरण नको, शक्य तेथे फोन सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था असावी, मुलांना त्याच्या योग्य वापराचे शिक्षण द्यावे आणि धोरण ठरवताना पालक, शिक्षक व तज्ज्ञांशी सल्लामसलत करावी, असे मार्गदर्शन न्यायालयाने केले. मुलाच्या सुरक्षिततेसाठी, पालकांशी संपर्कासाठी फोनचा उपयोगही न्यायालयाने ध्यानात घेतला.

असाऱ्याचा नियम एकाने दुसऱ्यावर लादला होता. वडगावचा नियम करणाऱ्याने स्वतःवरही लावून घेतला. न्यायालयाने नियम करताना सर्वांना विचारण्यास सांगितले. मोबाइलविषयीचा कोणताही नियम, घरातला असो वा कार्यालयातला, तपासण्याची ही कसोटी आहे. जो नियम करतो तोही तो पाळणार आहे का? जेवताना फोन नको असे मुलीला सांगणारे वडील स्वतःचा फोन ताटाशेजारी पालथा ठेवतात, तेव्हा तो नियम नसतो, नुसता धाक असतो.

खात्याची किल्ली

आता हाच विचार आपल्या खात्याकडे वळवू. एकेकाळी खात्याची ओळख होती सही. नमुना सहीचे कार्ड बँकेत जपून ठेवलेले असे. आज प्रत्यक्षात ते काम नोंदणीकृत मोबाइल क्रमांक करतो. ओटीपी त्यावर येतो, व्यवहाराचा संदेश त्यावर येतो आणि यूपीआय ॲप सुरू करताना त्याच सिमकार्डावरून संदेश जाऊन क्रमांकाची खातरजमा होते. ज्याच्या हाती तो फोन, त्याच्या हाती किल्ली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील दोन आकडे या संदर्भात विचार करायला लावतात. २०१५-१६ च्या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५३ टक्के स्त्रियांचे स्वतः वापरत असलेले बँक खाते होते आणि ४६ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात खात्याचे प्रमाण ७९ टक्क्यांवर गेले, मोबाइलचे मात्र ५४ टक्क्यांवरच थांबले. म्हणजे त्या वेळी शंभरांतील किमान पंचवीस स्त्रियांपाशी खाते होते, पण त्या खात्याचा संदेश घेणारा स्वतःचा फोन नव्हता. तो संदेश पतीच्या, मुलाच्या, दिराच्या फोनवर जात असणार. खाते तिचे आणि किल्ली दुसऱ्याची!

अशा ग्राहक भगिनी कोणत्याही शाखेत भेटतात. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या एखाद्या वयस्कर बाई येतात. पासबुक भरून मिळाले की त्यातील आकड्यांवरून बोट फिरवतात आणि विचारतात, ‘साहेब, हे पाच हजार कधी गेले?’ नोंदणीकृत क्रमांक पाहावा तर तो परगावी असलेल्या मुलाचा. पैसे मुलानेच विजेच्या बिलाला, औषधांना भरलेले असतात. त्याच्या मनात काही वाईट नसते. आईला त्रास नको, म्हणून त्याने सारे आपल्याकडे घेतलेले असते. परंतु त्यामुळे स्वतःच्या निवृत्तिवेतनाची बातमी आईला महिन्यानंतर पासबुकातून कळते.

प्रेमापोटी केलेल्या या व्यवस्थेत धोकाही दडलेला आहे. मुलगा परदेशी गेला, त्याने तो क्रमांक बंद केला, तर काय होते? बंद झालेला क्रमांक किमान नव्वद दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. बँकेत बदल कळवला नसेल, तर आईच्या खात्याचे संदेश एखाद्या सर्वस्वी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. २०२५ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने अशा बंद झालेल्या क्रमांकांची पडताळणी करून नोंदी अद्ययावत करण्यास बँकांना सांगितले ते याचसाठी. पण पहिली खबर ग्राहकाकडूनच यावी लागते.

स्मार्टफोन जमत नाही, ही अडचणही आता पूर्वीइतकी मोठी नाही. संदेश साध्या बटणांच्या फोनवरही येतो. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘यूपीआय १२३ पे’ सुविधेमुळे अशा फोनवरून पैसेही पाठवता येतात. शिकायच्या गोष्टी थोड्याच आहेत. संदेशातील रक्कम कोणती, ती जमा झाली की वजा, आणि तारीख कोणती. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीही लागत नाही, हे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ झाले.

मुलांनी मदत करूच नये असा याचा अर्थ नव्हे. मदत जरूर करावी, पण ती शेजारी बसून करावी, फोन आपल्या हातात घेऊन नव्हे. पिन आईच्या बोटांनी दाबला गेला पाहिजे. वेळ थोडा अधिक लागेल, पण पहिल्यांदा चेकवर सही करायला शिकतानाही वेळ लागलाच होता.

घाबरवणारा आवाज

‘वाजला की घ्यायचाच’ या सवयीचा जो गंभीर परिणाम म्हटला, तो असा. २०२४ पासून ‘डिजिटल अरेस्ट’ नावाच्या फसवणुकीने धुमाकूळ घातला. फोन येतो, समोरचा स्वतःला पोलीस किंवा तपास अधिकारी म्हणवतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये निषिद्ध वस्तू सापडल्याचे सांगतो. व्हिडिओवर गणवेश दिसतो, मागे कार्यालयाचा देखावा असतो. फोन बंद करायचा नाही, कोणाला सांगायचे नाही, खोलीबाहेर जायचे नाही, असे बजावले जाते. तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस माणूस फोनच्या धाकात बसतो आणि अखेर आयुष्यभराची ठेव मोडून ‘तपासणीसाठी’ पाठवतो. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या प्रकाराबाबत सावध करून थांबा, विचार करा आणि मग कृती करा, असा सल्ला दिला. भारतीय कायद्यात फोनवरून अटक करण्याची तरतूद नाही.

सुशिक्षित, सुस्थितीतील, निवृत्त अधिकारीदेखील याला बळी पडले आहेत. त्यामागे केवळ अज्ञान नाही. मोठ्या अधिकाऱ्याचा फोन मधेच ठेवणे हा उद्धटपणा, असे संस्कार ज्यांच्यावर झाले त्यांच्या सौजन्याचाच इथे फास बनवला जातो. म्हणून घरातील ज्येष्ठांना आपण एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. फोन ठेवणे हा गुन्हा नाही आणि असभ्यपणाही नाही. घाबरवणारा आवाज आला की फोन ठेवावा, घरच्या माणसाला हाक मारावी, मग काय ते ठरवावे.

पैसे गेलेच, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी १९३० वर तत्काळ फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता अधिक. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने तत्त्व घालून दिले की बँकेची वा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे अनधिकृत व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर दायित्व राहत नाही. मात्र पिन किंवा ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. तीन दिवसांत कळवायचे तर संदेश स्वतःच्या फोनवर यायला हवा आणि तो वाचता यायला हवा. खात्याची किल्ली आपल्याच हाती हवी ती यासाठी. बँकांनी व्यवहारासंबंधीचे फोन ‘१६००’ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असेही २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. साध्या दहा आकडी क्रमांकावरून ‘बँकेतून बोलतोय’ असा आवाज आला तर संशय घेण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आपल्या सहकाऱ्यांसाठीही दोन शब्द. मुदत ठेव घाईने मोडायला आलेले ज्येष्ठ ग्राहक, हातातील फोन चालूच, चेहरा उतरलेला आणि कारण विचारले की उत्तर टाळणारे, असे दृश्य काउंटरसमोर दिसले तर फॉर्म पुढे सरकवण्याआधी त्यांना आत बोलावून बसवावे, पाणी द्यावे आणि ‘काका, फोनवर कोण आहे?’ एवढे विचारावे. त्या वेळी रांग पाच मिनिटे थांबली तरी चालेल. आयुष्यभराची कमाई आणि चोर यांच्यामध्ये उभा असलेला शेवटचा माणूस कदाचित आपणच असू.

पुढच्या वेळी शाखेत याल तेव्हा

वाचकहो, मोबाइल किती वेळ वापरावा याविषयी घरोघरी वाद होत राहतील आणि ते व्हावेतही. वडगावसारखा दीड तास कोणी पाळील, कोणी नाही पाळणार. पण आपल्या खात्यापुरता एक प्रश्न आजच निकालात काढता येतो. आपल्या, आपल्या पत्नीच्या, आईवडिलांच्या खात्याला कोणता क्रमांक जोडलेला आहे, तो आज चालू आहे का आणि तो त्यांच्याच हातात असतो का, हे तपासून पाहावे. तसे नसेल, तर ज्यांचे खाते त्यांना सोबत घेऊन, ओळखपत्रासह शाखेत यावे. क्रमांक बदलण्याचा अर्ज एका पानाचा आहे. तो भरताना आपण खुर्ची शेजारी ओढून घ्यावी, पण अर्ज त्यांनाच भरू द्यावा. पहिला संदेश त्यांच्या फोनवर वाजला की तो मोठ्याने वाचायला सांगावे आणि नीट वाचून होईपर्यंत थांबावे.